मेक्सिकोचा फ्रिहोल: एक मडकं, चार दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात राहिले. आमची घरमालकीण सत्तरीची होती. सगळे तिला दोन्या म्हणत, म्हणजे आपल्या 'बाई' किंवा 'काकू'सारखं आदराचं संबोधन. ती मला 'ईहा' म्हणे, म्हणजे मुली. तिच्या स्वयंपाकघरात मी जे शिकले त्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे घेवड्याचं मडकं. पुण्यात परत आल्यापासून 'मेक्सिकन राजम्याची रेसिपी दे' हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. त्यातून निघणाऱ्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहिते आहे.

फ्रिहोल म्हणजे आपला राजमाच ना?

जात तीच. मेक्सिकोत सुक्या घेवड्याला फ्रिहोल म्हणतात, अनेकवचनी फ्रिहोलेस. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. आपला राजमा, भाजीचा श्रावण घेवडा आणि साताऱ्याच्या कोरेगाव भागातला पट्ट्यापट्ट्यांचा वाघ्या घेवडा ही सगळी याच एका जातीची लेकरं. वाघ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तो आपण आपला मानतो, ते योग्यच आहे. पण या कुळाचं मूळ घर अमेरिका खंडात. तिथल्या माणसांनी रानघेवडा दोन ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, माणसाळवला: एकदा मेक्सिकोच्या परिसरात आणि एकदा दक्षिणेकडे अँडीज पर्वतात. १४९२ नंतर तो जगभर गेला. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणा ही मंडळीही तिकडूनच आली.

आपल्या सगळ्या कडधान्यांना मात्र हे लागू नाही. वाल, पावटा, चवळी, मटकी, मूग, कुळीथ ही जुन्या जगातली. एक अपवाद आठवणीत ठेवा: बाजारात मिळणारे चपटे 'डबल बी' अमेरिकेचे आहेत. मेक्सिकोच्या युकातान भागात त्यांच्या लहान पांढऱ्या भावंडांना इबेस म्हणतात आणि तिथे ती रोजच्या खाण्यातली आहेत.

कोणत्या भागात कोणता घेवडा खातात?

साधारण हिशेब असा. दक्षिणेत आणि आखाताच्या किनाऱ्याला, म्हणजे वाहाका, चियापास, वेराक्रूस, युकातान इथे, काळा. मध्य भागात बायो नावाचा फिकट तपकिरी आणि फ्लोर दे मायो, म्हणजे 'मे महिन्याचं फूल' असं सुंदर नाव असलेला गुलाबी ठिपक्यांचा. उत्तरेत पिंतो, चट्ट्यापट्ट्यांचा. पश्चिमेला हालिस्को-सिनालोआकडे पिवळसर पेरुआनो किंवा मायोकोबा. शेतीच्या बाबतीत साकातेकास हे कोरडं पठारी राज्य फ्रिहोलचं मोठं कोठार मानलं जातं.

माणसं आपल्या रंगाला फार धरून असतात. वेराक्रूसच्या माणसाला पिंतो वाढला तर तो खाईल, पण 'घरचा' म्हणणार नाही. कोकणातल्या माणसासमोर बाजरीची भाकरी ठेवल्यासारखं ते.

याशिवाय आयोकोते नावाचा टपोरा घेवडा आहे, जांभळा, काळा, पांढरा. ती वेगळी जात, डोंगराळ थंड भागात होते. शिजला की आतून बटाट्यासारखा मऊ लागतो. प्वेब्लाच्या बाजारात बायका तो जमिनीवर चादर पसरून रंगांप्रमाणे ढीग लावून विकायच्या. मोजायला वजनकाटा नसायचा, पत्र्याचा डबा असायचा. आपलं मापटंच.

रोजचा फ्रिहोल कसा शिजवतात?

याला 'फ्रिहोलेस दे ला ओया' म्हणतात. ओया म्हणजे मडकं, म्हणजे 'मडक्यातला घेवडा'. नावात मसाल्याचा किंवा चवीचा उल्लेख नाही, भांड्याचा आहे. बाकीचे बहुतेक पदार्थ यातूनच निघतात, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

दोन्या आधी घेवडा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायची आणि दोन बोटांनी एकेक दाणा स्वतःकडे ओढत निवडायची. खडे, सुरकुतलेले, फुटके बाजूला. निवडलेला सरळ मांडीवरच्या भांड्यात पडायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आजीचं सूप आठवलं. नंतर दोन-तीन पाण्यांनी धुवायचा.

अर्धा किलो घेवड्याला सव्वादोन ते अडीच लिटर पाणी. त्यात अर्धा कांदा, न चिरता, तसाच. लसणाच्या दोन-तीन पाकळ्या. चमचाभर चरबी किंवा तेल. बस. मोठ्या आचेवर खळखळून उकळी येऊ द्यायची, दहा मिनिटं तशीच उकळत ठेवायची, मग आच अगदी बारीक करायची. पृष्ठभागावर इथे-तिथे एखादा बुडबुडा यावा, एवढीच.

मडक्याच्या तोंडावर ती पाणी भरलेलं छोटं मातीचं वाडगं ठेवायची. खालच्या वाफेनं ते पाणी तापतं आणि मडक्यातलं आटलं की तेच गरम पाणी आत ओततात. उसळ शिजताना झाकणीत पाणी ठेवायची आपली पद्धत हुबेहूब हीच. गार पाणी ओतलं तर ती हात धरायची. उकळी मोडते आणि दाणे तडकतात, असं तिचं म्हणणं होतं.

नवा घेवडा दीड तासात शिजतो, जुना तीन तासही घेतो. दाणा बोटांत दाबला की विनासायास चेपला पाहिजे, मध्ये पिठूळ कडक ठिपका राहता कामा नये. अर्धवट मऊ झाला की मीठ आणि एपासोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्याची एक डहाळी घालायची आणि शेवटची वीसेक मिनिटं मुरू द्यायचं.

वाढताना खोलगट वाडग्यात दाणे आणि रस दोन्ही. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, हवं तर ताजं चीज. सोबत गरम तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी. खेड्यात अनेक जण चमचा घेत नाहीत. तोर्तियाचा तुकडा चिमटीत वाकवून त्याचाच चमचा करतात आणि प्रत्येक घासासरशी तो चमचाही खातात.

भिजवायचा की नाही?

मेक्सिकोतल्या जुन्या स्वयंपाकिणी बहुधा भिजवत नाहीत. काळा तर नाहीच. भिजवलेलं पाणी फेकलं की रंग आणि चव त्याच्याबरोबर जाते, आणि इथे तर सगळं महत्त्व त्या काळ्याभोर रसाला. पण त्यांना त्याच वर्षीचा घेवडा मिळतो. आपल्या दुकानातला राजमा किती जुना ते सांगता येत नाही, म्हणून आपला राजमा रात्रभर भिजवावा आणि ते पाणी टाकून द्यावं. काळा घेवडा ताजा मिळाला तर न भिजवता करून पाहा. रसात फरक कळतो.

मीठ आधी घातलं तर घेवडा कडक राहतो का?

तिकडेही घरोघरी असंच सांगतात. प्रत्यक्षात मिठानं तसं होत नाही. कडक ठेवतात ते टोमॅटो, चिंच, लिंबू असे आंबट पदार्थ, ते दाणा शिजल्याशिवाय घालू नयेत. तरी मी स्वतः मीठ उशिरा घालते, कारण रस किती आटणार हे आधी कळत नाही.

पूर्वी सोडा घालत का?

मेक्सिको शहराजवळच्या तेश्कोको सरोवराच्या काठावर साठणारा तेकेस्किते नावाचा खनिज क्षार पूर्वापार वापरात आहे. आपल्या पापडखारासारखं काम करतो: घेवडा लवकर मऊ होतो, पालेभाज्यांचा हिरवा रंग टिकतो. आज अनेक जण खायचा सोडा टाकतात. चिमूटभर ठीक, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

कुकर चालेल का? की मातीचंच मडकं हवं?

कुकर चालतो आणि मेक्सिकोतही घरोघरी आहे. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच. तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात घेवडा तासन्‌तास घेतो. न भिजवलेल्या काळ्या घेवड्याला कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं द्या. भिजवलेल्याला निम्म्याहून कमी पुरतात. उघडल्यावर एपासोते किंवा कोथिंबीर घालून झाकण न लावता दहा-पंधरा मिनिटं उकळा, म्हणजे रस जरा दाट होतो. कुकरचा घेवडा मऊ होतो पण रस पाणचट राहतो, तो दोष असा निघतो.

मातीच्या मडक्यात चव निराळी येते हे मी शपथेवर सांगेन. पण एक काळजी घ्या. मेक्सिकोतल्या पारंपरिक चकचकीत झिलईत शिसं असतं आणि ते अन्नात उतरतं. तिकडून भांडं आणणार असाल तर बिनशिशाचं मागून घ्या. आपल्याकडचं बिनझिलईचं साधं मडकं उत्तम. आधी पाण्यात भिजवून, मंद आचेवर हळूहळू तापवून वापरा.

एपासोते म्हणजे काय? इथे मिळतं का?

उग्र वासाची पालेभाजीवजा वनस्पती. आपल्या चाकवताच्या कुळातली, पण वास चाकवताचा नाही. काहींना तो घासलेटासारखा वाटतो, मला ओल्या रानात पाय पडल्यासारखा. पहिल्यांदा नको वाटतो, महिन्याभरात त्याच्यावाचून घेवडा ओका लागायला लागतो. नाव अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'एपासोत्ल'वरून आलं. एका मडक्याला एक डहाळी पुरे. गरोदर बायकांनी टाळावं, कारण त्याच्या तेलातला एक घटक जास्त प्रमाणात विषारी आहे.

भारतात ही वनस्पती तणासारखी उगवते, पण खात्रीनं ओळखता येत नसेल तर रानातून तोडून आणू नका. बी मागवून कुंडीत लावता येतं. त्याला पर्याय नाही असं मी प्रामाणिकपणे सांगते. कोथिंबिरीचे देठ घातले तर वेगळी पण चांगली चव येते. ओवा किंवा हिंग घातला तर ती छान उसळ होईल, फ्रिहोल नाही.

वाहाकात एपासोतेऐवजी किंवा त्याच्या जोडीला अ‍ॅव्होकाडोची पानं वापरतात. तव्यावर भाजली की बडीशेपेसारखा वास सुटतो. ही पानं मेक्सिकोच्या मूळच्या सुगंधी जातीची असतात. इथल्या रोपवाटिकेतल्या कलमाच्या पानांना तो वास बहुधा येत नाही, त्यामुळे चुरगळून वास घेतल्याशिवाय वापरू नका.

मसाला नाही, फोडणी नाही. मग चव येते कुठून?

हा प्रश्न मला स्वतःलाच पडला होता. पहिल्या महिन्यात मी गुपचूप जिऱ्याची फोडणी देऊन पाहिली. दोन्यानं एक घास घेतला आणि शांतपणे विचारलं, 'ईहा, घेवडा कुठे गेला?'

तेव्हापासून मी हे असं समजून घेतलं आहे. आपण कडधान्य शिजवून घेतो आणि मग त्याची भाजी करतो, म्हणजे चव दुसऱ्या टप्प्यात येते. तिकडे शिजवणं हाच स्वयंपाक. दोन-तीन तास बारीक आचेवर दाण्यातलं सत्त्व पाण्यात उतरतं आणि त्या पाण्याचा रस होतो. तिखट, आंबट, खारट हे ताटावर येतं: साल्सा म्हणजे तिखट चटणी, लिंबू, चीज, कच्चा कांदा. ज्याचा त्यानं आपल्या जिभेप्रमाणे घ्यावं. म्हणून माझी विनंती आहे की पहिल्यांदा कराल तेव्हा गरम मसाला, धणे-जिरे पूड, आलं-लसूण वाटण बाजूला ठेवा. एकदा नुसता घेवडा चाखा.

रेफ्रितोस म्हणजे दोनदा तळलेले का?

नाही. स्पॅनिश 'रे' इथे 'पुन्हा' या अर्थानं नाही, 'चांगलं, भरपूर' या अर्थानं आहे. रेफ्रितो म्हणजे चांगला परतलेला. शिजवणं एकदा, परतणं एकदा.

कढईत किंवा मातीच्या पसरट भांड्यात चरबी तापवतात. बारीक चिरलेला कांदा तिच्यात करपू न देता तांबूस होऊ देतात, काही घरी तो नंतर काढूनही टाकतात. मग आदल्या दिवशीचा घेवडा थोडा-थोडा रसासकट घालून लाकडी रवीसारख्या दट्ट्यानं तिथेच घोटायचा. वरण घोटतो तसं, फक्त आचेवर. आधी ते पातळ दिसतं, घाबरायचं नाही. परतत राहिलं की कडा सुटायला लागतात, आणि भांडं हलवलं की सगळा गोळा एकत्र सरकतो. तिथे थांबायचं, कारण गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. वेराक्रूसकडे तो इतका परततात की कढई वाकडी करून त्याची गुंडाळीच ताटात उतरवतात.

डब्यातले तयार रेफ्रितोस आणि हे यांचा संबंध मला तरी लावता येत नाही.

शाकाहारी माणसाला हे खाता येतं का?

घरी नक्की. बाहेर विचारल्याशिवाय नाही. पारंपरिक रेफ्रितोस डुकराच्या चरबीत, म्हणजे मांतेकात परततात. मडक्यातही अनेकदा तिचा चमचा पडतो. ताटावर मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी असतो असं नाही. वाहाकाच्या त्लायुदावर, म्हणजे ताटाएवढ्या खरपूस तोर्तियावर, घेवड्याच्या खाली चरबीच्या गाळाचा थर लावलेला असतो. विचारताना 'मांस आहे का' असं विचारू नका, 'मांतेका आहे का' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला तिथे प्रामाणिकपणे 'नाही' असं उत्तर मिळतं, कारण चरबीला कोणी मांस म्हणत नाही.

डुक्कर मेक्सिकोत आलं ते स्पॅनिशांबरोबर, सोळाव्या शतकात. त्याआधीचा हजारो वर्षांचा फ्रिहोल चरबीशिवायच होता. त्यामुळे तेलात केलेला किंवा अजिबात तेल न घातलेला मडक्यातला घेवडा म्हणजे मोडतोड नाही. तो जुन्याला अधिक धरून आहे, हे शाकाहारी मंडळींनी अगदी निःसंकोच मनात ठेवावं.

स्पॅनिश येण्यापूर्वी घेवड्याला काय स्थान होतं?

फार मोठं. नाहुआत्लमध्ये दाण्याला 'एत्ल' म्हणत आणि हिरव्या शेंगेला 'एशोत्ल'. त्यावरून आजही मेक्सिकोत श्रावण घेवड्याच्या शेंगांना 'एहोते' म्हणतात. अझ्टेक राज्याला मांडलिक प्रांतांकडून मका, घेवडा, राजगिरा आणि चिया खंडणी म्हणून येत. सोळाव्या शतकातल्या मेंदोसा हस्तलिखितात त्याची कोठारं चितारलेली आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर पर्जन्यदेव त्लालोकसाठी एत्सालकुआलिस्त्ली नावाचा सण असे. त्या नावाचा अर्थच 'एत्साली खाणं'. एत्साली म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेलं अन्न. पाऊस येणार, पेरणी तगणार, म्हणून घरोघरी दोन्ही धान्यं एका भांड्यात.

मक्याशी त्याची जोडी का?

शेतापासून ताटापर्यंत ती दोघं एकत्र आहेत. मेक्सिकोच्या पारंपरिक मिश्र शेतीला मिल्पा म्हणतात: मका, घेवडा आणि भोपळा एका शेतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, त्याला वेगळा आधार लागत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून ओल धरतात आणि तण दाबतात. मधल्या जागेत आपोआप उगवणाऱ्या रानभाज्या असतात, त्यात आपल्या माठाच्या कुळातलं किंतोनिलही, आणि तेही घेवड्याच्या मडक्यात पडतं. ज्वारी-बाजरीत तुरीचे तास घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

ताटातही तसंच. मक्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी, घेवड्यात ते भरपूर. घेवड्यात मेथिओनिन कमी, ते मका भरून काढतो. वरण-भाताचं जे गणित, तेच इथे. भर म्हणून मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्यामुळे कॅल्शियम मिळतं आणि मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोनं २०१० मध्ये अमूर्त वारशात स्थान दिलं, ते या शेतापासून चुलीपर्यंतच्या साखळीसाठी.

एकदा मडकं केलं की किती दिवस पुरतं? उरलेल्याचं काय करतात?

खरं तर उरावं म्हणूनच ते मोठं करतात. दोन्याच्या घरचा क्रम सांगते.

पहिल्या दिवशी मडक्यातला, रसाचा. दुसऱ्या दिवशी रेफ्रितोस. सकाळच्या अंड्यांशेजारी, किंवा पाव कापून त्यावर थापून वर चीज घालून भाजलेले मोयेतेस, वर टोमॅटो-कांदा-मिरचीची कोशिंबीर. तिसऱ्या दिवशी एन्फ्रिहोलादास: घेवडा रसासकट वाटून पातळसर करायचा, तोर्तिया जराशी परतून त्यात बुडवायची, घडी घालून ताटात ठेवायची, वर कांद्याच्या चकत्या आणि चुरलेलं चीज. वाहाकात या वाटणात भाजलेलं अ‍ॅव्होकाडोचं पान असतं. चौथ्या दिवशी जे घट्ट उरेल ते त्लाकोयोच्या पोटात. मक्याच्या पिठाचा लांबट गोळा, आत घेवड्याचं पुरण, थापून बिनतेलाच्या तव्यावर भाजायचा, वर निवडुंगाच्या परतलेल्या फोडी आणि साल्सा. हे काम बाजाराच्या कोपऱ्यावर बसलेल्या बायका करतात तेव्हा त्यांचे हात पाहत राहावं असे चालतात.

दक्षिणेत पातळ काळ्या रसात मक्याच्या पिठाच्या छोट्या गोळ्या सोडतात, अंगठ्यानं मधोमध खळगा केलेल्या. त्यांना चोचोयोतेस म्हणतात. खळग्यात रस साठतो. मला पहिल्या घासालाच आमच्या घरच्या चकोल्या आठवल्या.

आपल्या हवेत मात्र शिजलेला घेवडा रात्रभर बाहेर ठेवू नका, आंबतो. गार झाला की फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवस छान राहतो.

प्रांतोप्रांतीचे ठळक पदार्थ कोणते?

युकातानचं आधी सांगते, कारण तिथली तऱ्हा सगळ्यात वेगळी. सोमवार म्हणजे 'फ्रिहोल कोन प्वेर्को', काळा घेवडा आणि डुकराचं मांस एकत्र शिजवलेलं. सोबत भात, मुळा, कोथिंबीर, लिंबू आणि भाजलेल्या टोमॅटोची चटणी. खानावळींतही सोमवारी हाच बेत असतो. तिथलाच पानुचो: टम्म फुगलेल्या तोर्तियाचा पापुद्रा सोडवून आत घेवड्याचं वाटण भरतात आणि तळतात. भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप सोडणाऱ्या माणसाला ती युक्ती लगेच कळते. मृतांच्या सणाला जमिनीतल्या खड्ड्यात भाजल्या जाणाऱ्या मोठ्या तामालमध्ये, म्हणजे पानात गुंडाळलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थात, एस्पेलोन नावाचा दाणा घालतात. ती चक्क चवळी आहे. म्हणजे आपल्याकडे घेवडा आला तशी जुन्या जगातली चवळी तिकडे जाऊन सणाला लागली.

उत्तरेत 'फ्रिहोलेस चार्रोस': पिंतो, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, खारवलेलं डुकराचं मांस, चोरिसो म्हणजे मसालेदार सॉसेज. मोंतेरेई शहराकडे निखाऱ्यावरच्या मांसाबरोबर हा रस वाटीत येतो. त्यातच बिअर ओतली की 'बोर्राचोस', म्हणजे झिंगलेले. सिनालोआचे 'फ्रिहोलेस प्वेर्कोस' चरबी, चोरिसो आणि चीज घातलेले, फार जड. मिचोआकानमध्ये घेवडा-टोमॅटोचं दाट सूप, वर तळलेल्या तोर्तियाच्या पट्ट्या.

बरीटो, नाचोज, चिली कोन कार्ने हे मेक्सिकनच ना?

बरीटो उत्तर मेक्सिकोचा आहे, पण तिथे तो सडपातळ असतो: गव्हाची पातळ तोर्तिया आणि आत एक-दोनच गोष्टी, त्यात अनेकदा घेवडा असतो. भात-कोबी-सॉसनं ठासून भरलेला अमेरिकेतला. चिली कोन कार्ने टेक्ससचं. नाचोज सीमेवरच्या मेक्सिकन गावात जन्मले, पण घराघरातल्या जेवणात ते नसतात. आवडत असतील तर जरूर खा. फक्त त्यांच्यावरून मडक्याची कल्पना करू नका.

पोट फुगतं, काय करू?

घेवड्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात, त्याचा वायू होतो. भिजवून पाणी टाकणं, पूर्ण मऊ शिजवणं आणि थोडा-थोडा पण नेमानं खाणं याचा उपयोग होतो. एपासोतेमुळे वायू कमी होतो असा तिकडे ठाम समज आहे, मी मात्र ते चवीसाठीच घालते.

अर्धकच्चा घेवडा खरंच विषारी असतो का?

हो, हे गंभीरपणे घ्या. कच्च्या घेवड्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. नीट न शिजलेले थोडेसे दाणेही उलट्या-जुलाब करायला पुरतात. किमान दहा मिनिटं खळखळून उकळणं आवश्यक आहे. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट घालू नका, त्यात पाणी पुरेसं तापत नाही. आधी गॅसवर उकळून मग त्यात घाला.

भारतात कोणता घेवडा घ्यावा?

वाघ्या घेवडा किंवा चितळा राजमा पिंतोच्या जागी उत्तम बसतो. लहान लाल राजमाही चालतो. काळ्या रसासाठी काळाच राजमा लागतो. तो डोंगराळ उत्तरेकडून येतो आणि मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो. चरबीऐवजी शेंगदाणा तेल वापरा. शेंगदाणाही त्याच खंडातून आलेला. चुरायला पनीर चालतं, चिमूटभर मीठ लावून. तोर्तियाचं पीठ नसेल तर आपल्या मक्याच्या भाकरीबरोबर खा. चव थोडी वेगळी लागते, पण जोडी मोडत नाही.

पिवळ्या घेवड्याच्या पेटंटचं प्रकरण काय होतं?

हे आवर्जून सांगते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या एका व्यावसायिकानं मेक्सिकोतून घेवड्याची एक पिशवी विकत नेली, त्यातले पिवळे दाणे निवडून पेरले आणि १९९९ मध्ये त्या पिवळ्या घेवड्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं, 'एनोला' या नावानं. मग त्यानं मेक्सिकोतून पिवळा घेवडा आणणाऱ्या व्यापाऱ्यांकडे रॉयल्टी मागितली. सिनालोआचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे पिकवत होते, तेच विकायला त्यांना अडसर आला. कोलंबियातल्या सियात या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं आपल्या बियाणे संग्रहाच्या आधारे आव्हान दिलं. २००८ मध्ये पेटंट कार्यालयानं दावे फेटाळले आणि २००९ मध्ये अपील न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. दहा वर्षं गेली.

आपल्याला हळदीचं प्रकरण आठवेल. १९९५ चं ते अमेरिकन पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. तिकडच्या शेतकऱ्यांचा राग मला म्हणूनच सहज समजला.

अचानक पाहुणे आले आणि मडकं लहान पडलं तर?

मेक्सिकोत म्हणतात, 'फ्रिहोलमध्ये पाणी वाढव.' आपण आमटीत वाढवतो, अगदी तसंच. पाणी गरमच घाला, पळीभर दाणे मडक्यातच ठेचा म्हणजे रसाला दाटपणा येईल, मीठ चाखून पाहा आणि पाच मिनिटं उकळू द्या. कांदा-कोथिंबीर मात्र ताजी चिरून वर घाला. दोन्या एवढं सगळं करीपर्यंत पाहुण्यांना दारातच बोलण्यात गुंतवून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं.